आवाज गेले, पण सांगून गेले नाहीत

दुसऱ्या कुणालाच ऐकू न येणारे आवाज मला ऐकू यायचे. त्या मनोविकारावर गोळी सुरू झाली तेव्हा वाटलं होतं, डोकं दुखायचं थांबतं तसं हे थांबेल. चार दिवस झाले तरी आवाज जिथल्या तिथे. फरक पडला तो झोपेत. कित्येक रात्री जागून काढणारा मी सलग सात तास झोपलो.

रिस्पेरिडोन होतं, आधी 2 मिलिग्रॅम, मग 4. डॉक्टर म्हणाले, "औषध मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला अडवायला लगेच लागतं, पण मनात घट्ट बसलेलं सुटायला वेळ लागतो. सहा आठवडे तरी धीर धरा." तिसऱ्या आठवड्यात मजेशीर प्रकार झाला. आवाज हाक मारत होते आणि मी हातातल्या कामात त्यांना उत्तर द्यायला विसरलो! त्यांच्यात दम उरला नव्हता.

माझ्यावर पाळत आहे, ही खात्री मात्र चिवट. समोर थांबणाऱ्या गाड्यांचे नंबर मी एका वहीत लिहायचो. ते सगळं खोटं होतं असा साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. एक दिवस एवढंच ध्यानात आलं की आठवडाभर वही उघडलेलीच नाही.

मधेच पायांना चैन पडेना. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की येरझाऱ्या. आजार उलटला म्हणून घरचे घाबरले. डॉक्टरांनी विचारलं, "तगमग मनात आहे की पायांत?" पायांत होती. औषधाचाच दुष्परिणाम, अकाथिसिया. मात्रा थोडी उतरवली, जोडीला प्रोप्रानोलोल दिलं, तेव्हा निवांत बसता आलं.

आळस म्हणा, निरिच्छा म्हणा, ती काही हटली नाही. आंघोळीला उठणंसुद्धा डोंगर. आवाजांवर चालणारी गोळी इथे फारशी चालत नाही, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. मी स्वतःलाच ऐतखाऊ म्हणत बसलो.

वॉर्डातल्या एका मित्राला दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही गुण आला नाही. त्याला क्लोझापिन लावलं. पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासत. त्याचे आवाज त्यावरच उतरले.

आठव्या महिन्यात मी बरा झालो असं ठरवून गोळ्या परस्पर बंद केल्या. महिनाभर काहीच झालं नाही, त्यामुळे शहाणपणा आणखी वाढला. मग एका रात्री बहिणीने मला खिडकीशी पाहिलं. दिवा बंद, हातात पेन आणि मांडीवर तीच वही.