कॉफीचे पैसे कुणाकडे मागायचे?

आमच्या घरात हिशेब कायम माझ्याकडे. लग्न झालं तेव्हा ह्यांचा पगार रोख मिळायचा आणि पाकीट तसंच्या तसं माझ्या हातात यायचं. पुढे पगार बँकेत जमा व्हायला लागला, तरी दूधवाल्यापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत सगळं माझ्याच वहीत. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे रोजचा मेळ बसल्याशिवाय मला झोप लागत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं जवळपास दहा महिन्यांसाठी सांगलीहून बाहेर पडलो, तेव्हा वही माझ्या पिशवीत असणार हे गृहीतच होतं. त्यावर आम्ही एक शब्दही बोललो नाही. खरं तर सगळ्यात आधी बोलायला हवं होतं ते त्यावरच.

ह्यांनी छप्पन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, मी त्याच्या वर्षभर आधी. मुलगा जर्मनीत, त्याच्याकडे दोनदा जाऊन आलो होतो, त्यामुळे या वेळी शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, मल्टिपल एंट्री व्हिसा मिळाला. गुडघे साथ देतायत तोवर जग बघून घेऊ, एवढाच विचार. पंधरा दिवस मुलाकडे, मग पोर्तुगाल, जॉर्जिया, व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया आणि येताना श्रीलंका. राहणं, खाणं, गावातलं फिरणं मिळून दोघांचे रोजचे साडेचार हजार रुपये, असा अंदाज मी बांधला. विमानं, व्हिसा, विमा वेगळे.

जायच्या आधी एका गोष्टीत थोडक्यात वाचलो. निवृत्तीचे मोठे पैसे ह्यांच्या खात्यात होते, म्हणून सगळे एकदम ह्यांच्याच फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परदेशी चलनाच्या कार्डावर, भरायचे ठरत होतं. आमच्या सीएंनी अडवलं. तेव्हाच्या नियमाने एका माणसाने एका आर्थिक वर्षात अशा परदेशी खर्चासाठी सात लाखांच्या वर पैसे पाठवले की वरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापला जाणारा कर, लागायचा. (१ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख झाली.) अकरा लाख एका नावावर गेले असते तर चार लाखांवर ऐंशी हजार कापले गेले असते. ते रिटर्नमध्ये वळते होतात हे खरं, पण तोपर्यंत अडकून पडतात, आणि प्रवासात ऐंशी हजार म्हणजे व्हिएतनाममधले तीन आठवडे. मग माझी एक ठेव मोडली, दोघांच्या पॅनवर दोन कार्डं घेतली आणि लागतील तसे पैसे भरत गेलो. कार्डं दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवली. याचा उपयोग जॉर्जियात तिबिलिसीला झाला, एका बँकेने माझं कार्ड संशयावरून बंद केलं तेव्हा. भारतातलं सिम एका फोनमध्ये चालू ठेवलं होतं म्हणून ओटीपी आला, नाहीतर ते पुन्हा सुरूही करता आलं नसतं.

पोर्तुगालमध्ये आम्ही ब्रागा गावात घर घेतलं. लिस्बन, पोर्तोपेक्षा स्वस्त, आणि अठ्ठावीस रात्रींच्या वर राहिलं की बरेच घरमालक भाड्यात चांगली सूट देतात. दोन लिटरचा कुकर आणि कांदा-लसूण चटणी सांगलीहून नेली होती. घरात स्वयंपाक, बाजारातली भाजी, सगळं माझ्या अंदाजाप्रमाणे चाललं होतं. पण युरो तेव्हा ब्याण्णव-त्र्याण्णव रुपयांना होता आणि माझ्या डोक्यात गुणाकार थांबत नव्हता. दुकानाच्या काचेत कस्टर्डचा तो छोटा गोल केक दिसला की ह्यांची पावलं मंद व्हायची. मी म्हणायची, "दोघांच्या कॉफीसकट साडेचारशे रुपये होतात." मग आम्ही पुढे चालायला लागायचो.

ब्रागाच्या बाहेर डोंगरावर बॉम जेझूसचं चर्च आहे. वर जायला नागमोडी दगडी पायऱ्या आहेत आणि शेजारून एक रेल्वे जाते, १८८२ सालची. ती विजेवर चालत नाही. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, त्या वजनाने तो खाली येतो आणि दोराने बांधलेला दुसरा डबा वर जातो. खाली आल्यावर पाणी सोडून देतात. ह्यांचा जन्म कारखान्यात मेंटेनन्सला गेला. ही गाडी बघायची हे त्यांनी सांगलीतच ठरवलं होतं, मोबाईलमध्ये त्याचे फोटो होते. आम्ही तिकिटाच्या खिडकीपाशी पोचलो आणि मी म्हटलं, "वर चालत जाऊ, पायऱ्याच तर बघायच्यात. फारतर उतरताना बसू."

हे काही बोलले नाहीत. पायऱ्या चढलो. मध्ये एका कारंज्यापाशी थांबलो, तिथून डबा खडखडत वर जाताना दिसला आणि हे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. वर पोचल्यावर बाकावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "अगं, सत्तावन्न वर्षांचा आहे मी. कॉफीसाठी तुझ्याकडे बघावं लागतं. घरी असं कधी वाटलं नाही."

मला आधी राग आला. मी कुणासाठी काटकसर करत होते? मग परत येताना बसमध्ये त्यांचं बोलणं डोक्यात फिरत राहिलं. सांगलीत ह्यांच्या खिशात कायम पाचशे-हजार असायचे. टपरीवरचा चहा, मित्रांबरोबरची भेळ, कुठल्याशा यंत्रावरचं पुस्तक, यातलं काहीच माझ्या वहीत कधी आलं नव्हतं. प्रवासात मी सगळं वहीत आणलं आणि ह्यांचा खिसा रिकामा केला. माझा स्वतःचाही केला होता, पण मला वही सांभाळण्याचं समाधान होतं. त्यांना काय होतं?

त्या रात्री आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून नवीन पद्धत ठरवली. दर महिन्याला दोघांना प्रत्येकी दहा हजार रुपये हातखर्च. त्याचा हिशेब द्यायचा नाही, विचारायचा नाही, वहीत लिहायचा नाही. बाकी सगळा घरखर्च. रोजची मर्यादा काढून आठवड्याची केली, कारण पोचण्याच्या दिवशी भाडं, तेल, मीठ, साबण असं सगळं एकदम निघतं आणि त्या दिवशी मी चिडलेली असायचे. मर्यादाही देशाप्रमाणे वेगळी ठेवली. आणि पैशाचं बोलणं फक्त रविवारी संध्याकाळी, अर्धा तास. रस्त्यात, दुकानात, तिकिटाच्या खिडकीसमोर नाही. हे ह्यांनी सुचवलं आणि सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला. पुढच्याच बुधवारी हे एकटे बॉम जेझूसला गेले. संध्याकाळी आले ते पाणी किती भरायचं हे कसं ठरवतात ते मला सांगत बसले. वरच्याला खालून कळवतात म्हणे, डब्यात किती माणसं आहेत ते. त्या दिवशी हे चार वेळा वर-खाली करून आले.

जॉर्जियात पैसे सहज पुरले. तिबिलिसीत मेट्रोचं तिकीट तेव्हा एक लारी होतं, म्हणजे एकतीस रुपयांच्या आसपास, कुठूनही कुठेही. भट्टीतली लांब पाव-रोटी आणि लोबिओ, म्हणजे राजम्याचीच उसळ, यावर आमच्यासारख्या शाकाहारी माणसांचं दोन वेळचं भागतं. फक्त थंडीत घर घेणाऱ्यांनी गॅसचं बिल भाड्यात धरलंय का ते आधी विचारावं. आम्ही विचारलं नव्हतं. भिंतीवरचा गॅसचा हीटर दिवसरात्र चालू ठेवला आणि बिल आल्यावर त्या रविवारचा अर्धा तास पाऊण तास झाला.

व्हिएतनाममध्ये मात्र माझीच परीक्षा झाली. दा नांगला समुद्रापासून दोन गल्ल्या आत घर होतं. तिथे एक रुपया म्हणजे जवळजवळ तीनशे डोंग, त्यामुळे साध्या भाजीलाही हजारांत पैसे मोजायचे. एके दिवशी बाजारातून कोथिंबीर आणि केळी घेऊन आले. संध्याकाळी पलंगावर नोटा मांडून मेळ बसवायला घेतला तर चार लाख ऐंशी हजार डोंग कमी. तीनदा मोजले. पिशवी झटकली, पर्स उलटी केली. मग लक्षात आलं. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांची नोटही निळीच, दोन्हींवर हो ची मिन्हचा चेहरा, दोन्ही प्लास्टिकसारख्या गुळगुळीत. मी केळीवालीला वीस हजार समजून पाच लाख दिले होते. सोळाशे रुपये. तीस वर्षं मुलांना "उत्तर पडताळून बघा" म्हणत आले आणि नोट बघितली नाही.

मी वहीत लिहिलं, "माझ्या हातखर्चातून वजा." ह्यांनी वाचलं आणि पेन घेऊन ती ओळ खोडली. मी म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "बाजाराला तू दोघांसाठी गेली होतीस ना? मग हा घरखर्च." त्या दिवसापासून आमच्या नियमात एक भर पडली. चूक आणि आजार कायम घरखर्चात, कुणाचाही असो. पुढे ह्यांच्या दाढेचं काम निघालं, विम्यात ते बसलं नाही, तेव्हा ह्यांनाही ओशाळं वाटलं नाही. नोटांसाठी ह्यांनी मला एक खूण शिकवली. उलटून बघायचं. वीस हजारांच्या मागे होई आनचा छपराचा पूल आहे, पाच लाखांच्या मागे हो ची मिन्हचं गावाकडचं घर. शिवाय पाच लाखांच्या नोटा ब्लाऊजच्या कापडाच्या वेगळ्या बटव्यात. तो बटवा मी गल्लीतल्या शिंपीणबाईंकडून शिवून घेतला.

एक गोष्ट तिथे चांगली जमली. २९ जानेवारीला तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष होतं. त्या दिवसांत रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, भाडी वाढतात आणि दुकानं बंद. घरमालकीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही तांदूळ, भाज्या भरून ठेवल्या आणि दहा दिवस जागचे हललो नाही. सगळ्यात स्वस्त दहा दिवस ते, आणि समुद्रावर दोघंच.

थायलंडला मात्र माझा शहाणपणा नडला. सवलत मिळते म्हणून चिआंग माईला महिन्याचं घर न बघता घेतलं, सोळा हजार बाट आगाऊ भरून. मार्च महिना. त्या दिवसांत आजूबाजूची शेतं आणि जंगलं जळत असतात आणि डोंगरांमधल्या त्या खोऱ्यात धूर कोंडतो. खिडकीतून दोई सुथेपचा डोंगर दिसेल असं लिहिलं होतं. आम्हाला तो पहिले पाच दिवस दिसलाच नाही. ह्यांना खोकला सुरू झाला. मी फडकं ओलं करून खिडकीच्या फटीत लावत होते आणि मनात म्हणत होते, भाडं भरलंय. गुरुवारी रात्री खोकून खोकून ह्यांची झोप उडाली. उठून बसले, पाणी प्याले, पण निघू या असं म्हणाले नाहीत, कारण पैशाचं बोलणं रविवारी. माझ्या पोटात तुटलं. मीच म्हटलं, "उद्या निघू." वीस दिवसांचं भाडं गेलं, सत्तावीस हजार रुपये. रात्रीच्या गाडीने बँकॉक, तिथून दुसऱ्या गाडीने दक्षिणेला त्रांग. चौथ्या दिवशी खोकला थांबला. त्यानंतर कुठेही आधी चार रात्रीच घ्यायच्या, घर आणि हवा बघायची, मग मालकाशी महिन्याचं बोलायचं. दर थोडा जास्त पडला तरी चालेल. आणि तब्येतीचं बोलायला वार बघायचा नाही.

तिकडे एटीएमलाही सांभाळावं लागतं. परदेशी कार्डावर तेव्हा दर वेळी २२० बाट कापायचे, साडेपाचशे रुपये व्हायचे, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढायची. मशीन विचारतं, रुपयांत रूपांतर करून देऊ का? नेहमी नको म्हणायचं, तो दर महाग असतो. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँकेचा आकार, आणि त्यावर जीएसटी, म्हणजे शंभराला चार रुपयांच्या वर जातात. आमच्या कार्डावर मार्कअप नव्हता. ते कार्ड निघायच्या दोन महिने आधी मागितलं होतं.

माझ्या अंदाजात एक मोठं भोक होतं, ते मलेशियात पेनांगला असताना लक्षात आलं. सांगलीतलं घर बंद असलं तरी सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, आरोग्य विम्याचा हप्ता, लग्नामुंजीचे आहेर चालूच होते. दहा महिन्यांचे नव्वद हजार झाले. घर भाड्याने दिलं असतं तर सुटला असता प्रश्न, पण देवघर आणि कपाटं कुणाच्या ताब्यात द्यायला माझं मन झालं नाही.

श्रीलंकेत कँडीला शेवटची बेरीज केली. २८९ दिवस, साडेअकरा लाख, रोजचे चार हजारांच्या जरा आतच. विमानं, व्हिसा, विमा आणि घरचं धरून सतरा लाखांच्या आसपास. पलंगावर उरलेली नाणी वेगवेगळी करत होते, लारी एकीकडे, बाट एकीकडे. ह्यांनी आपला हातखर्च पूर्ण संपवला होता, अगदी शेवटच्या महिन्याचाही. माझे एकोणीस हजार उरले होते. ह्यांनी विचारलं, "त्याचं काय करणार?" मी वही मिटली. नियम त्यांनाही माहीत होता, त्यामुळे पुन्हा विचारलं नाही.