सगळं सुटलं, कॅप्सूलपाशी अडलं

व्हीगन झाले, म्हणजे प्राण्यांपासूनचं सगळं सोडलं, म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "मग खातेस तरी काय?" या प्रश्नाचा मला आता कंटाळा आलाय, कारण खाण्याचा भागच सगळ्यात सोपा निघाला. डाळी, कडधान्यं, दाणे, भाज्या, फळं, सोयाबीन. पोट भरतं, विषय संपतो. मला खरं छळलं ते एका बाटलीतल्या पिवळट कॅप्सूलने, आणि ती विकणाऱ्या कंपनीच्या ग्राहकसेवेने.

आधी कारण सांगते, म्हणजे एका कॅप्सूलवरून एवढा त्रागा का ते कळेल. मांस सोडून बराच काळ झाला होता, प्रश्न दूध-अंड्यांचा होता. "दुधासाठी कुणाला मारत नाहीत" असं लोक अगदी खात्रीने सांगतात. पण गाय दूध देते ती व्याल्यावर. दूध चालू ठेवायचं तर तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावं लागतं, आणि मोठ्या डेअऱ्यांत वासराला बहुधा पहिल्या काही तासांत किंवा दिवसांतच आईपासून तोडतात. गोऱ्हा झाला तर दुधाच्या धंद्याला त्याचा उपयोग शून्य. पुढचं सांगायला नको. अंड्यांच्या धंद्यातली नर पिल्लं तर बहुतेक ठिकाणी पहिला दिवससुद्धा पूर्ण बघत नाहीत. ती अंडी देणार नाहीत आणि मांसासाठी लवकर भरणारही नाहीत. जर्मनीने 2022 पासून या प्रकारावर बंदी घातली, त्यावरून आधी राजरोस काय चालत होतं ते समजून घ्या.

"झाडांनाही जीव असतो" हे ऐकवणारे भेटतीलच. त्यांच्याशी वाद घालू नका. एक किलो मांस तयार व्हायला त्याच्या कितीतरी पट चारा-धान्य जनावराच्या पोटात जातं, तेव्हा झाडांची काळजी असणाऱ्यानेही आधी मांसच सोडायला हवं, एवढं म्हणा आणि पुढच्या घासाकडे वळा.

आता बी12. यात हयगय नको. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. मांस-दूध-अंडी खाणाऱ्यांना ते त्यांतून मिळतं, आपल्याला वेगळं घ्यावं लागतं. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 2.4 मायक्रोग्रॅम लागतं, पण यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता लगेच दिसत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. हातापायांना मुंग्या यायला लागेपर्यंत वाट बघणं म्हणजे मज्जातंतूंशी जुगार. स्पिरुलिनात बी12 असतं असं कुणी सांगितलं तर सोडून द्या; त्यात असतं ते मुख्यतः शरीराला न चालणारं रूप. गोळीवर 500 किंवा 1000 मायक्रोग्रॅम लिहिलेलं बघून घाबरू नका. एका वेळी शरीर त्यातलं थोडंसंच शोषून घेतं, म्हणून आकडा मोठा असतो.

तर डॉक्टरांनी बी12 आणि डी3 (ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार) एकत्र असलेली कॅप्सूल लिहून दिली. बाटलीच्या गोलाईवरची अक्षरं इतकी बारीक की फोनच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचली. शेवटची ओळ होती, "कॅप्सूल कवच व इतर घटक, आवश्यकतेनुसार." कवच कशाचं, ते नाही. डी3 कुठून आलं, ते नाही. बी12 कारखान्यात जिवाणूंकडूनच बनवून घेतात, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. पण कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, म्हणजे गुराडुकरांची कातडी आणि हाडं. आणि डी3 बहुतेक वेळा लॅनोलिनपासून करतात. मेंढीची लोकर धुताना निघणारं मेणचट द्रव्य ते.

हेल्पलाइनला फोन केला. "मॅडम, प्रॉडक्ट शंभर टक्के नैसर्गिक आहे." अहो, मेंढीही नैसर्गिकच असते! प्राण्यांपासूनचं काही आहे का, असं सरळ विचारलं, तर "आमचं प्रॉडक्ट पूर्ण सुरक्षित आहे." पुढच्या वेळी दुसरा माणूस, तो म्हणाला डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणाले कंपनीला विचारा. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, फक्त मधल्या मधे मी लटकलेली. मग ईमेल केली. तक्रार क्रमांक आला, म्हणजे माझा साधा प्रश्न त्यांच्याकडे तक्रार म्हणून नोंदला गेला. त्यानंतर बरेच दिवस सामसूम, आणि एका सकाळी निरोप: "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. आपण किती समाधानी आहात?" खाली पाच तारे. उत्तराचा पत्ता नाही! तो निरोप मी घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवला, कुणाला त्यात माझ्याइतकं काही वाटलं नाही.

शेवटी काम झालं ते प्रश्न बदलल्यावर. "हे व्हीगन आहे का" असं विचारलं की समोरचा हो म्हणून मोकळा होतो. मी गुणवत्ता विभागाच्या नावाने लिहिलं: कवच जिलेटिनचं की एचपीएमसीचं (म्हणजे वनस्पतींच्या सेल्युलोजपासूनचं)? डी3 लॅनोलिनचं की लायकेनचं (म्हणजे दगडफुलाच्या जातीचं)? मॅग्नेशियम स्टिअरेट, म्हणजे गोळ्या-कॅप्सूल बनवताना मिश्रण यंत्राला चिकटू नये म्हणून घालतात ते, वनस्पतींपासूनचं की प्राण्यांपासूनचं? दोनांतलं एक निवडायला लावलं की टोलवता येत नाही. दोन ओळींचं उत्तर आलं. कवच गुरांच्या जिलेटिनचं, डी3 लॅनोलिनचं, तिसऱ्याची माहिती पुरवठादाराकडे. चिडले, पण हायसंही वाटलं. आता निदान माहीत होतं. बी12 ची साधी गोळी वेगळी आणि लायकेनपासूनचं डी3 वेगळं, असं डॉक्टरांना विचारूनच बदलून घेतलं. पर्याय असतात, नुसते समोर मांडलेले नसतात.

एक मात्र सांगते. आजारपणात लिहून दिलेलं औषध कवचापायी बंद करायचं नाही. 1944 साली स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतच "शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं" अशी सूट आहे, ती काही आळशांसाठी ठेवलेली नाही. मी भांडले ते पूरक गोळीसाठी, जिथे दुसरी मिळू शकत होती.

मधेच सांगायचं राहिलं: सोया दूध कॉफीत फुटतं ते आंबटपणा आणि उष्णता एकदम बसल्याने. दूध आधी कोमट करा आणि कॉफी त्यात हळूहळू ओता. कॅल्शियम घातलेलं असेल तर ओतण्याआधी डबा जोरात हलवा, ते तळाशी बसतं. रक्ततपासणीत बी12 बरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या. आणि गोळ्या चालू असताना बी12 चा आकडा चांगला दिसूनही मुंग्या येत असतील तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी12 कमी पडलं की रक्तात वाढणारी द्रव्यं) तपासायचं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.