नाळेवरचा व्याळ आणि गोदाकाठचा मारुती

"बोटी बघायला नाशिकला आलास? अलिबागला जायचं ना!" मामा हसून म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. गेले काही महिने मला जहाजांच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, कोरीव मूर्तींचा नाद लागलाय आणि त्याच नादात मी पांडवलेणीच्या पायऱ्या चढत होतो. मामा दोन वळणं मागे, "पुढे हो, येतो मी" म्हणत.

दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. ब्राह्मी वाचता येत नाही, भाषांतर वाचून गेलो होतो. दानांची यादी तीन लाख गाईंपासून सुरू होते आणि मध्येच नावा येतात: इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, डहाणुका या नद्यांवर लोकांना फुकट पैलतीरी नेणाऱ्या होड्या. सह्याद्रीच्या वर, समुद्रापासून एवढ्या लांब, दगडावर होड्यांचा हिशेब! मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आता एसटीत सवलत मिळते, तसंच की."

तिसऱ्या लेण्यात मात्र तेही गप्प बसले. सहा दांडगे यक्ष अख्खा व्हरांडा खांद्यावर घेऊन उभे आहेत आणि वर खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. काही ओळखीचे, काही कुठल्याच जंगलात न सापडणारे. हे लेणं सातवाहनांचं. सांचीच्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या मुखियाचं, आनंदाचं, नाव कोरलेलं आहे आणि तिथल्याच पश्चिम तोरणावर एक होडी कोरलेली आहे. तिची नाळ म्हणजे पंखवाला सिंह आणि मागचं टोक म्हणजे माशाची शेपटी. खांबावर बसणारं जनावर नावेच्या तोंडावरही बसत होतं, कोरणाऱ्यांची परंपरा एकच. लेणी बघणारे लोक जहाजाचा विचार करत नाहीत आणि जहाजांवर लिहिणारे लेण्यांचा, याचं मला नवल वाटतं.

अकराव्या शतकातल्या राजा भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू'त तर याचे नियमच दिलेत. नाळेवर सिंह, रेडा, नाग, हत्ती, वाघ, पक्षी, बेडूक किंवा माणसाचं मुख बसवावं. चार डोलकाठ्यांचं जहाज पांढरं, तीनचं तांबडं, दोनचं पिवळं, एकीचं निळं. त्यातल्या बेडकाने मला फार आनंद दिला. पाण्यात उतरणाऱ्या वस्तूला बेडकाचं तोंड, याहून सरळ विचार काय असणार!

ही परंपरा पुस्तकात राहिली असं म्हणावं, तर २१ मे २०२५ रोजी कारवारला 'कौंडिण्य' हे जहाज नौदलात दाखल झालं. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून बांधलेलं, फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेलं. त्याच्या नाळेवर सिंहमुखी व्याळ हा काल्पनिक प्राणी आहे आणि शिडांवर गंडभेरुंड हा दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी.

मिसळ खाऊन (नाशिकात हे वेगळं सांगायला नको) सराफ बाजारातल्या सरकारवाड्यावर गेलो. पेशवेकाळातले सागवानी खांब. मामा खांबांवर हात फिरवत राहिले, मला मात्र मुंबईची गोदी आठवत होती. साग मीठ आणि वाळवीला सहसा भीक घालत नाही, म्हणून इंग्रजांनी आपली लढाऊ जहाजं बांधायचं काम मुंबईच्या वाडिया या जहाजं बांधणाऱ्या घराण्याच्या हवाली केलं. १८१७ साली जमशेदजी बोमनजी वाडियांनी 'त्रिंकोमाली' पाण्यात सोडली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे आणि तिच्या नाळेवर फेटेवाला हिंदी माणूस आहे. १८१९च्या मुंबईच्याच 'सेरिंगापटम' (म्हणजे श्रीरंगपट्टण) या जहाजावर एका राक्षसी पक्ष्यावर बसलेला, छत्री धरलेला पुरुष होता. तो टिपू सुलतान असावा असं मानतात. ज्याला हरवलं त्याचीच मूर्ती पुढे लावून समुद्र कापायचा! ती मूर्ती आता ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे.

गंमत म्हणजे खर्च वाचवायला त्याच इंग्रजी नौदलाने १७९६ मध्ये नव्या जहाजांवर मूर्ती नकोत असा हुकूम काढला होता. पण मूर्तीशिवाय जहाज अपशकुनी अशी खलाशांची समजूत, आणि हुकूम कागदावरच राहिला. मोठ्या लढाऊ जहाजांवरून मूर्ती खऱ्या अर्थाने उतरल्या त्या १८९४ नंतर, पोलादी जहाजांच्या जमान्यात. त्याआधीच सागही आटत चालला होता. १८४२ साली इंग्रजांनी भिल्ल राजांकडून डांगचं जंगल भाडेपट्ट्याने घेतलं ते सागासाठीच. आपल्या सुरगाण्याची हद्द ओलांडली की तेच जंगल.

संध्याकाळी पंचवटीत नारोशंकराचं देऊळ. १७४७ सालच्या या देवळासमोरची घंटा पोर्तुगीज आहे, १७२१ सालची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली त्या विजयाची ही खूण. मेणवलीची आणि भीमाशंकरची घंटाही वसईच्या लुटीतलीच म्हणतात. समुद्र नाशिकपर्यंत आला तो असा, बैलगाडीतून नाहीतर हत्तीच्या पाठीवरून.

खाली रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती. पूर किती आला हे नाशिककर त्याच्या अंगावर मोजतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. पाण्याकडे तोंड करून उभी असलेली कोरीव मूर्ती म्हटल्यावर मला बोलणं आवरेना. आइसलंडच्या जुन्या कायद्यात, मी मामांना सांगितलं, किनारा दिसण्याआधीच नाळेवरचं ड्रॅगनचं डोकं काढून ठेवायचं बंधन होतं, भूमीच्या देवता घाबरू नयेत म्हणून.

मामांनी मारुतीला नमस्कार केला आणि म्हणाले, "याचं डोकं काढायचं बोललास ना, तर नाशिककर तुझं काढतील."