4400 आरपीएमचा आवाज

गॅरेजमध्ये येणारं निम्मं काम हे चेक लाइटचं असतं. उंदराने वायर कुरतडलेली असते आणि गिऱ्हाईक सांगत येतं, "ईसीएम गेलाय म्हणालेत," म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. पॉवर वाढवायला येणारे थोडे. आले तरी त्यांच्या मोबाइलमध्ये कुणीतरी पाठवलेली फाइल असते, म्हणजे त्या कॉम्प्युटरचा मॅप, आणि ती गाडीत ओतून द्यायची एवढीच अपेक्षा असते. त्यामुळे बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे धाकटे मालक स्वतः बांधलेली गाडी टेंपोवर घालून घेऊन आले, तेव्हा मी हातातलं काम हेल्परकडे देऊन बाहेर आलो. त्या गाडीचं अजून डोक्यातून जात नाही.

गाडी म्हणजे चौकोनी आणि गोल नळ्यांची जाळी, दोन सीट, टप नाही. इंग्लंडात 1957 साली लोटस सेव्हन निघाली तेव्हापासून तिकडे अशी सुटे भाग घेऊन घरी जोडायची गाडी हा एक छंदच आहे. कलपुर्जे एका जुन्या गाडीचे, सांगाडा नवा. आपल्याकडे अशा गाडीला पासिंग मिळणं जवळपास अशक्य. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126 व्या नियमाप्रमाणे नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडे चाचणीला द्यावी लागते. कारखानदाराला ते परवडतं, छंदवाल्याला नाही. म्हणून ही गाडी रस्त्यावर यायचीच नव्हती. टेंपोवर चढायची आणि बंद ट्रॅकवर उतरायची. मला हे एका अर्थी बरं वाटतं. आपल्या हायवेवर रात्री बारानंतर पोरं जे 'टेस्टिंग' करतात ते बघितलं की आरटीओच्या बाजूने बोलावंसं वाटतं, आणि तशी वेळ माझ्यावर क्वचितच येते.

इंजिन होतं अपघातात गेलेल्या फियाट लिनिया टी-जेटचं, टर्बोवालं. 1368 सीसी, बोअर 72 मिलिमीटर, स्ट्रोक 84, ब्लॉक बिडाचा. कंपनीतून 114 पीएस, म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर. हेच इंजिन पुढे पुंटो अबार्थमध्ये 145 पीएस देत होतं, म्हणजे त्याच्या अंगात ताकद आहे हे कंपनीनेच सिद्ध केलेलं. या पोराने, म्हणजे धाकट्या मालकाने, इंजिन-गिअरबॉक्स आहे तसा आडवाच उचलून सीटच्या मागे बसवला होता. वायरिंग नवीन, ईसीयू (ईसीएमचंच दुसरं नाव) बाहेरचा, प्रोग्रॅम करता येणारा. त्याला 175 हवे होते.

"काका, गाडी चार हजारला बसूलाल्या. पेट्रोलच खराब हाय की." म्हणजे चार हजार आरपीएमला गाडी दम सोडते.

पेट्रोल. आजकाल टायर पंक्चर झाला तरी वीस टक्के इथेनॉलच्या ई-20 ला शिव्या बसतात. आमच्या जिल्ह्यात हे जास्तच विनोदी वाटतं, कारण त्यातलं इथेनॉल इथल्याच उसाचं. याच्याच घरचा ऊस कारखान्याला जातो. ई-20 चा हिशेब वेगळा आहे, एवढं खरं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई-20 ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के पेट्रोल जास्त लागतं. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तोकडे असतील तर वरच्या आरपीएमला दम तुटतो. पण हे मीटरवर दिसतं. मी लॅम्डा बघतो, म्हणजे लागते त्या हवेच्या किती पट हवा आहे ते, 14.7 च्या हिशेबाचे आकडे बघत नाही. लॅम्डाला पेट्रोल कुठलं याच्याशी देणंघेणं नसतं. फुल थ्रॉटलला 0.81 स्थिर होतं, इंजेक्टर 85 टक्क्यांच्या आत. पेट्रोल निर्दोष.

आमच्याकडे डायनो, म्हणजे पॉवर मोजायचं यंत्र, नाही. पण वजन ठाऊक असेल आणि वेग सेकंदाच्या बारीक भागांत नोंदवता येत असेल, तर पॉवर काढता येते. वजनासाठी आम्ही हायवेलगतच्या खासगी काट्यावर गेलो. ऊस कारखान्यावर जायच्या आधी शेतकरी इथे ट्रॉली तोलून घेतात, कारण काटामारीवरचा अविश्वास इथे वडिलोपार्जित आहे. काटेवाल्याने ती गाडी बघून आधी मला आणि मग आकड्याला बारकाईने न्याहाळलं. 720 किलो. काटा दहा किलोंच्या पटीत बोलतो. आम्ही दोघं धरून दहा किलोंची चूक म्हणजे दीड-दोन हॉर्सपॉवर. पावती कन्नडमध्ये, टेंपो कुठे लावायचा यावरून वाद मराठीत आणि शिव्या दोन्हींत.

मच्छे गावाच्या पुढे पोराच्या ओळखीतल्या एकाचा लेआउट आहे. प्लॉट पडलेत, काँक्रीटचा रस्ता सरळसोट, घर एकही नाही. दोन्ही टोकांना गेट बंद करून, माणसं उभी करून तिसऱ्या गिअरमध्ये रन सुरू केले. तो चालवायला, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर बांधून.

लॉगमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या नोंदीत, रोग लगेच दिसला. 4200 नंतर ईसीयू स्पार्क मागे खेचत होता, म्हणजे ठिणगी उशिरा पाडत होता. चार डिग्री, सहा, मग आठ. नॉक सेन्सर ओरडत होता की इंजिन ठोकतंय, म्हणजे आतलं मिश्रण आपोआप, स्फोटासारखं पेटतंय. आठ डिग्री मागे म्हणजे दम गेलाच. बेळगाव सातशे-साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथे मुळात हवेचा दाब 92-93 किलोपास्कल. समुद्रकाठच्या कुणाच्या व्हिडिओतला बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा, आकडा इथे गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, हवा जास्त तापते आणि नॉक लवकर येतो. म्हणजे गोष्ट पटण्यासारखी होती. कुणालाही पटली असती.

पण खरा नॉक लोडवर अवलंबून असतो. मी बूस्ट वेस्टगेटच्या (तो दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर आणला, म्हणजे कमीत कमी. ओरड तशीच. ठिणगीचं पायाभूत टायमिंगच सहा डिग्री कमी केलं. तशीच. टाकी रिकामी करून 100 ऑक्टेन भरलं, पोराच्या खिशाला चांगलीच कात्री. तशीच, आणि त्याच जागी, 4400 च्या आजूबाजूला. शेवटी गाडी जागेवर उभी करून न्यूट्रलमध्ये रेस दिली, लोड शून्य. 4400 ला लॅपटॉपवर नॉकची लाल रेघ उडालीच. लोड नसताना कुठलं इंजिन ठोकतं?

माझ्याकडे एक जुनं हत्यार आहे. तांब्याची नळी, एक टोक ठोकून चपटं केलेलं, त्याला भोक पाडून ब्लॉकला बोल्ट करायचं. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप आणि तो कारखान्यातल्या कामगारांच्या कान झाकायच्या मफमध्ये. ब्लॉकच्या आतलं सगळं कानात येतं. नॉक असेल तर कढईत फुटाणे उडावेत तसा कोरडा तडतडाट येतो, एकदा ऐकला की माणूस जन्मभर विसरत नाही. मी कान लावून बसलो. फुटाणे नाहीत. पण 4400 ला एक बारीक, लांब, गोड म्हणावी अशी किणकिण.

सेन्सर मूर्ख नसतो, पण त्याला अक्कलही नसते. त्याला एकच सूर ऐकायला सांगितलेला असतो. सिलिंडरच्या बोअरवरून तो निघतो: 1800 भागिले पाय गुणिले बोअर. 72 मिलिमीटरला जवळजवळ आठ किलोहर्ट्झ. त्या सुरात जे गाईल ते सगळं त्याच्या लेखी नॉक.

आणि गात कोण होतं? कॅच कॅनची पट्टी. इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारं तेल अडवायला डबा लावतात, त्याला धरणारी दोन मिलिमीटर स्टेनलेसची पट्टी. पोराने ती लेझरवर कापून, फाउंड्रीचं नाव जाळीदार अक्षरांत कोरून, आरशासारखी पॉलिश केली होती. डबा टोकाला लटकलेला. दुसरं टोक ब्लॉकला, नॉक सेन्सरपासून चार बोटांवर. पूर्ण गाडीतलं सगळ्यात देखणं काम ते. त्यात इंजिन माउंटसाठी रबराऐवजी त्याने ॲल्युमिनियमचे घन तुकडे टर्न करून घातले होते, त्यामुळे सांगाड्याची थरथर ब्लॉकमध्ये आणि ब्लॉकची सांगाड्यात, बिनभाड्याने ये-जा.

मी हातोडीचा लाकडी दांडा त्या पट्टीवर दाबून धरला आणि रेस द्यायला सांगितलं. रेघ बसली. दांडा काढला, उडाली. परत दाबला, बसली. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं.

"काढायचं काय?"

"काढ की. फायरवॉलला, सीट आणि इंजिनाच्या मधल्या पत्र्याला लाव. नाव तिथूनही वाचता येतंय."

मधल्या काळात त्याला फोनवरून मॅप विकणाऱ्या कुणीतरी सल्ला दिला होता: नॉक कंट्रोल बंदच करून टाका, सगळे तेच करतात. सगळे करतातच. आमच्या धंद्यात 'रोग सापडला नाही' असं म्हणायला लाज वाटते, इशाऱ्याचा दिवा काढून टाकायला वाटत नाही.

पट्टी सरकवली, माउंट कडक पॉलियुरेथेनचे केले, रन परत सुरू. गाडी सुटली. ज्यांनी 720 किलोंच्या गाडीत टर्बोचा धक्का खाल्ला नाही त्यांना काय सांगणार. मोटारसायकलवरची गंमत सीटमध्ये बसून मिळते. एक-एक डिग्री टायमिंग वाढवत गेलो, हिशेब 170 पर्यंत पोचला. पोरगं स्टिअरिंगवर हात आपटत होतं.

आणि मग लागोपाठच्या रननंतर, थंड व्हायला वेळ न देता घेतलेल्या एका रनमध्ये, 5200 ला रेघ उडाली. एकदाच, तीन नंबरच्या सिलिंडरवर. या वेळी लोड होता, बूस्ट होता, आणि इंटरकूलरनंतरची (टर्बोने तापवलेली हवा गार करतो तो) हवा 68 डिग्री होती. इंजिन मागे, इंटरकूलर मागे, त्याला वारा लागायची सोयच नाही. पुन्हा घेतलं, नाही आली. थांबून घेतलं, नाही आली. कानातल्या नळीत मला एक तडतड ऐकू आली असं वाटलं, पण उघड्या गाडीत 110 च्या वेगात वाऱ्याशी भांडून काय ऐकणार?

मी दोन डिग्री मागे घेतल्या. हवा 55 च्या वर गेली की आणखी मागे जाईल असं टेबल भरलं. हिशेबाने 162.

"काका, आठ हॉर्सपॉवर सोडलासा की."

सोडले. या इंजिनाचे पिस्टन कास्ट, म्हणजे ओतीव आहेत, फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले नाहीत. रिंगांच्या मधला कठडा तुटला की इंजिन सांगून तुटत नाही. आणि आधी नॉक कंट्रोल बंद केलं असतं तर किणकिण गेली असती आणि ही तडतडही दिसली नसती. हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि विचारलं, पासवर्ड देणार का?

धंद्यातले बरेच जण मॅपला कुलूप घालतात. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये हे खरं कारण, 'सुरक्षितता' हे सांगायचं. मी दिला. गाडी त्याची, पैसे त्याचे, वेल्डिंगने भाजलेले हात त्याचे. पण त्या तडतडीचं मी अजून ठरवू शकलेलो नाही. ती एकटी होती म्हणून मी घाबरलो की एकटी असूनही बरोबर घाबरलो? कागदावर 170 सुरक्षित दिसतात. लॉग उघडून बघतो तेव्हा अर्ध्या सेकंदाची ती रेघ दोन्ही बाजूंनी वाचता येते. पिस्टन उतरवून बघितल्याशिवाय उत्तर नाही, आणि चालणारं इंजिन त्यासाठी कोण उतरवतं?

परवा त्याचा फोन आला. "काका, कायमच 100 ऑक्टेन टाकलं तर दोन डिग्री परत घालता येतील काय?" म्हटलं, येतील कदाचित, पण आधी इंटरकूलरला वारा दे. बाजूने डक्ट काढ, मागे पंखा लाव, मग नवीन लॉग पाठव. डक्टचं ड्रॉइंग त्याने लगेच पाठवलं, चांगलं आहे. काम मात्र अडकलंय. त्याचा वेल्डर हंगाम संपेपर्यंत उसाच्या ट्रॉल्या जोडतोय, मोकळा नाही.