सूप खाल्लंस? मेग!

बुडापेस्टला येऊन मला दीड वर्ष झालं, आणि पहिली गोष्ट कळली ती म्हणजे हे बुडापेस्ट नाहीच, बुदॉपेश्त आहे. ह्या हंगेरियन लोकांच्या भाषेत साधा एस म्हणजे श, आणि स हवा असेल तर एसला झेड जोडायचा. चौदा स्वर आहेत, अठराच्या आसपास विभक्त्या. आपल्या शाळेत सप्तमी त ई आ करताना घाम फुटायचा, तिथे अठरा ऐकून मी क्लासच्या पहिल्याच दिवशी वही मिटली होती.

चूक अशी झाली की मी सगळं इंग्रजीतून समजून घेत होते. तीन-चार महिने डोकं आपटल्यावर एक दिवस पेकशेगमध्ये, म्हणजे बेकरीत, लाईनमध्ये उभी असताना मनात सहज मराठीत जुळवाजुळव केली आणि एकदम वाटलं अरे, हे तर आपलंच आहे की! इंग्रजीत इन द शॉप, फ्रॉम द शॉप असे सुटे सुटे शब्द, आणि इथे दुकान म्हणजे बोल्त, बोल्तबॉन म्हणजे दुकानात, बोल्तबोल म्हणजे दुकानातून, शेपूट लावलं की झालं. मला भाऊ आहे म्हणायला नेकेम वॉन एद्य बात्याम. नेकेम म्हणजे मला, वॉन म्हणजे आहे. आणि बात्या हा थोरलाच, धाकट्याला शब्दच वेगळा. किती पडतं विचारायचं तर मेन्यिबे केरुल, म्हणजे शब्दशः 'कितीत पडतं', आता ह्यात परकं काय आहे सांगा.

गावांच्या बाबतीत तर मला हसूच आलं. बुडापेस्टमध्ये न म्हणता हे लोक बुडापेस्टवर म्हणतात, बुदॉपेश्तेन. देशातल्या बऱ्याच गावांना 'वर', पण परदेशी शहर आलं की 'आत', लोंदोनबॉन, मुंबईबॉन. (देब्रेत्सेन हंगेरीतलं असून त्याला 'आत' लागतं, ते का असं विचारलं तर सगळे खांदे उडवतात.) माझ्याबरोबरच्या जर्मन मुलाला हे काही केल्या पटेना. मला काहीच वाटलं नाही, आपण नाही का देशावर, घाटावर म्हणतो आणि कोकण आलं की कोकणात.

खरी मारामारी झाली ती क्रियापदांशी. मला कॉफी हवी तर केरेक एद्य कावेत, आणि बिल मागायचं तर केरेम ऑ साम्लात. मागणारी मीच, मग एकदा केरेक आणि एकदा केरेम का? तर कॉफी कुठलीही एक, बिल मात्र तेच, माझं, ठरलेलं. म्हणजे क्रियापद बघतं कर्माकडे, ते ठरलेलं आहे की आपलं कुठलंतरी. कर्माकडे बघणारं क्रियापद आपल्याला काय नवीन, पोळी खाल्ली, भात खाल्ला, वरण खाल्लं, खाणारी बाई की बुवा ह्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. पण ठरलेलं-न ठरलेलं हे काही डोक्यात बसेना. मग आईचा फोन आला, मावसभावासाठी मुलगी बघतायत म्हणाली. आणि ट्यूब पेटली! मुलगी बघतायत म्हणजे अजून कोणीच नाही, स्थळं शोधणं चालू आहे, पण तो 'त्या मुलीला बघतोय' म्हटलं की प्रकरण वेगळं, घरात कुजबुज सुरू. तर केरेक म्हणजे मुलगी बघणं आणि केरेम म्हणजे त्या मुलीला बघणं, त्यानंतर माझं एकदाही चुकलं नाही. म्हणजे फार चुकलं नाही.

दोन किफ्ली मात्र अजून चुकतात. किफ्ली म्हणजे चंद्रकोरीसारखा पाव, सकाळी सगळे घेतात. आकडा आला की नाम एकवचनीच ठेवायचं, केत किफ्लित, दोनमध्ये दोन आलेच, परत अनेकवचन कशाला असा ह्यांचा काटकसरी हिशोब. मी दर वेळी 'दोन आंबे'च्या चालीवर अनेकवचन लावते आणि काउंटरवरची बाई मान खाली घालून हसते.

शेजारी एक नेनी राहतात. नेनी म्हणजे आपल्या काकू, वयाने मोठ्या कुठल्याही बाईला म्हणायचं. त्या अधूनमधून पातेलंभर सूप आणून देतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, मेगेतेद? मेग हे आपल्या 'टाकलं'सारखं, खाऊन टाकलंस का, संपवलंस का. (सूप इथे पीत नाहीत, खातात.) ह्याला उत्तर 'हो' नाही, 'खाल्लं' नाही, तर नुसतं 'मेग'! क्रियापदाचं पुढचं टोक तेवढं परत करायचं. जसं काही आपल्याकडे 'खाऊन टाकलंस?' ला कोणी नुसतं 'टाक' म्हणावं. मला हे इतकं आवडलं की मी दिसेल तिथे मेग म्हणत सुटले.

परवा नेनी पातेलं न्यायला आल्या, म्हणाल्या एल्मोश्तॉद? मी झोकात म्हटलं, मेग!

त्या दारातच हसायला लागल्या. "नेम मेग. एल." घासलंस का विचारत होत्या, आणि तिथलं टोक एल आहे. पातेलं तेव्हा सिंकमध्येच होतं, तसंच.