नाईलवर आत्यासोबत चार दिवस

इजिप्तमधल्या लक्सरहून निघालेली आमची बोट दक्षिणेला अस्वानकडे चालली होती, म्हणजे प्रवाहाच्या उलट. नाईल उत्तरेला वाहते हे शाळेत पाठ केलं होतं. डेकवर उभं राहून समोरून येणारं पाणी पाहिलं तेव्हा कुठे ते मनात उतरलं.

सोबत माझी आत्या, वय ६८. काशीपलीकडे कधी न गेलेली. नागपूरहून निघताना तिनं संत्रा बर्फीचे दोन डबे घेतले होते, त्यातला एक दुसऱ्याच दिवशी बोटीवरच्या पोरांना वाटून झाला. जानेवारीचा महिना, संध्याकाळी डेकवर शाल लागायची. काठाला ऊस, केळी, खजूर, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी, आणि त्या हिरव्या पट्टीच्या मागे लगेच उघडं वाळवंट. आत्या तासन् तास तेच बघत बसायची.

लक्सरच्या कर्नाक देवळातल्या मंडपाचे १३४ खांब पाहून मान दुखते, एवढंच सांगते. मला एडफू जास्त भावलं. पहाटे अंधारात टांग्यानं देवळापाशी पोचलो. ससाण्याच्या रूपातल्या होरसचं हे देऊळ इ.स.पू. २३७ मध्ये बांधायला घेतलं आणि इ.स.पू. ५७ मध्ये पुरं झालं. १८० वर्षं! आत जाताना दालनागणिक छत खाली येतं, जमीन किंचित चढते, उजेड कमी होत जातो आणि शेवटी काळोखा गाभारा. आत्यानं दारातच चपला काढल्या. गाइड म्हणाला, गरज नाही. "देऊळ आहे ना?" ती म्हणाली, आणि त्या गार फरशीवरून शेवटपर्यंत अनवाणी चालली. मीही मग काढल्या.

कोम ओम्बोचं देऊळ अगदी नदीच्या काठावर. दोन देव, दोन दारं, दोन गाभारे : एक मगरीच्या तोंडाच्या सोबेकचा, दुसरा थोरल्या होरसचा. शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी ठेवल्या आहेत. पण आत्या रेंगाळली ती आवारातल्या एका गोल, खोल विहिरीपाशी. पूर किती चढला ते अशा विहिरीत मोजायचे. पूर चांगला तर गाळ चांगला, पीक चांगलं, आणि त्या हिशेबानं शेतकऱ्यावर सारा. गाइडचं सांगणं मी मराठीत करून देत होते. ती मध्येच म्हणाली, "म्हणजे आणेवारीच की!" तिचे यजमान तलाठी होते. आणेवारी लागायच्या दिवसांत घरी किती माणसं येऊन बसायची, हे ती मला त्या विहिरीच्या काठावर सांगत राहिली. अस्वानचं मोठं धरण १९७० साली पुरं झालं, तेव्हापासून इजिप्तमध्ये तो वार्षिक पूर येत नाही.

त्याच धरणांची गोष्ट फिलेला पुन्हा भेटली. अस्वानला लहान मोटारबोटीनं बेटावर जायचं. इसिस देवीचं हे देऊळ मुळात दुसऱ्याच बेटावर होतं. १९०२ च्या जुन्या धरणानंतर ते वर्षातले कितीतरी महिने पाण्यात असायचं. लोक खांबांमधून होडी फिरवायचे. नवं धरण झाल्यावर ते कायमचं बुडणार होतं. तेव्हा युनेस्कोच्या पुढाकारानं भोवती बांध घातला, आतलं पाणी उपसलं, देऊळ दगड दगड सोडवलं आणि जवळच्या अगिल्किया बेटावर जसंच्या तसं उभं केलं. १९८० पासून ते इथे आहे. काही भिंतींवर जुन्या पाण्याची रेघ अजून दिसते.

आत्या त्या रेघेपाशी थांबली. तिचं सासरचं गाव वैनगंगेच्या बुडीतात गेलं. लोकांनी महादेवाची पिंड नव्या गावठाणात नेली, तिच्यावर पत्र्याचं छप्पर घातलं. काळ्या दगडांचं देऊळ मात्र तिथेच पाण्याखाली राहिलं. लग्नानंतर तिनं पहिला नमस्कार केला तो त्याच देवळात.

"इथले दगड किती होते, विचार," ती म्हणाली.

मी विचारलं. सुमारे ४०,०००.

तिनं भिंतीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. बोटवाला हाका मारत होता.

"आमच्या देवळाचे चारशेही नसतील गं."