पाणसळ, कोपर आणि लोंबती दोरी

अपंगत्वाकडे बघायची नजर खरंच बदलली का, हे भाषणांवरून कळत नाही. त्यासाठी गवंड्याकडची ६० सेंटिमीटरची पाणसळ, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, पुरते. कुठल्याही इमारतीच्या दारातल्या रॅम्पवर ती उताराच्या दिशेने ठेवा. वरचं टोक टेकलेलं राहू द्या, बुडबुडा मधोमध येईपर्यंत खालचं टोक उचला आणि त्या टोकाखालची फट मोजा. फट ५ सेंटिमीटर किंवा कमी भरली, तर उतार एकास बारा किंवा त्याहून सौम्य आहे. हातात बऱ्यापैकी ताकद असलेला व्हीलचेअरवरचा माणूस तो स्वतः चढतो. १० सेंटिमीटर भरली तर एकास सहा, म्हणजे मागून ढकलणारा कुणीतरी हवाच. १५ भरली तर एकास चार. तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी.

तीव्र उतारावर नुसता दम लागतो असं नाही, खुर्ची मागे उलटते. बसलेल्या माणसाचा भार मागच्या मोठ्या चाकांच्या आसापासून जेमतेम थोडा पुढे पडत असतो. चढावर तो मागे सरकतो, त्यात चाकांना पुढे जोर दिला की पुढची छोटी चाकं जमीन सोडतात.

हिशेब सोपा आहे: जेवढी उंची चढायची, तिच्या बारापट लांबी. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर, तीन पायऱ्यांना ५.४ मीटर. शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा, आणि साधारण ७५ सेंटिमीटर चढून झाल्यावर मध्ये एक सपाट टप्पा. एवढी लांबी समोर मिळत नाही, मग उतार उभा केला जातो आणि वर ‘नसल्यापेक्षा बरा’ असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. नसलेला रॅम्प निदान नाही म्हणून दिसतो. चुकीचा रॅम्प मात्र ‘सोय केली’ या रकान्यात जातो आणि पुढची कित्येक वर्षं त्या दारासाठी कुणी काही करत नाही. जागा कमी असेल तर टप्प्यावर वळवून उलट दिशेने चढवा, बाजूचं कमी उंचीचं दार मुख्य दार करा, किंवा प्लॅटफॉर्म लिफ्ट बसवा.

उतार बरोबर असूनही रॅम्प वाया जातो तो बारीकसारीक गोष्टींनी. चकचकीत फरशी लावली की ओल्या दिवसात चाकं घसरतात. उघड्या कडेला ५ ते १० सेंटिमीटरची उभी पट्टी नसेल तर पुढचं चाक कडेवरून खाली उतरतं. पाणी जाण्याच्या जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेने लांब असतील, तर छोटं चाक त्यांत अडकतं आणि माणूस तोंडावर आपटतो. जाळी आडवी बसवायची आणि फट १३ मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. रॅम्प संपतो तिथेच बाहेर उघडणारं दार असेल, तर एका हाताने चाक धरायचं, दुसऱ्याने दार ओढायचं आणि त्याच वेळी मागेही सरकायचं, असे तीन हात लागतात. आणि सगळं जमून आलं, तरी तळाशी दुचाकी उभी असते.

दाराची रुंदी चौकटीत मोजायची नसते. पल्ला काटकोनात उघडा आणि पल्ल्याच्या अंगापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. तिथे निदान ८१५ मिलिमीटर हवेत. कागदावर ९० सेंटिमीटर असलेलं दार पल्ल्याच्या जाडीत आणि चौकटीच्या खाचेत काही सेंटिमीटर गमावतं. दार ओढून उघडायचं असेल तर मुठीच्या बाजूला भिंतीलगत ४५ सेंटिमीटर मोकळी जागा लागते, कारण खुर्ची तिरकी बाजूला उभी केली नाही तर दार पायांवरच येतं. नेमक्या त्याच कोपऱ्यात कचऱ्याचा डबा नाहीतर कुंडी ठेवलेली असते. गोल मुठीऐवजी आडवी दांडी लावा. ती कोपरानेही दाबता येते.

उंबऱ्याची कमाल मर्यादा १३ मिलिमीटर. दोन सेंटिमीटरचा उंबरा चालणाऱ्याला जाणवतही नाही, पण छोटं चाक तिथे थडकून थांबतं. उंबऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे माणसाचे पाय तेच असतात. अडलेपण उंबऱ्याचं असतं. १९७६ साली ब्रिटनमधल्या यूपीआयएएस या अपंगांच्या स्वतःच्या संघटनेने हाच फरक मांडला: शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने घातलेली अडवणूक वेगळी. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंगांच्या हक्कांच्या करारनाम्याच्या प्रस्तावनेतही अपंगत्व हे माणूस आणि त्याच्यापुढचे अडथळे यांच्या गाठीतून घडतं असं म्हटलं आहे, आणि त्या अडथळ्यांत भोवतालच्या रचनेबरोबर लोकांची वृत्तीही धरली आहे.

वृत्तीचा अडथळा बहुतेक वेळा मदतीच्या रूपानेच येतो. रस्ता ओलांडू पाहणाऱ्या अंध माणसाचा दंड धरून त्याला पुढे ढकलणं, हा त्याचा नेहमीचा प्रकार. त्यात दोन गोष्टी बिघडतात. एक, काठी धरलेला हात अडकतो आणि जमिनीची खबर बंद होते. दुसरं, तो पुढे आणि तुम्ही मागे, म्हणजे खड्डा आधी त्याला भेटणार.

आधी विचारायचं. हो म्हणाले तर आपल्या हाताची पाठ त्यांच्या हाताला लावायची. ते स्वतः तुमचा दंड कोपराच्या जरा वर धरतील. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. तुमच्या कोपराच्या हालचालीतून त्यांना वळण, चढ, उतार आपोआप कळतो, सारखं बोलत राहावं लागत नाही. अरुंद जागा आली की धरलेला हात पाठीमागे न्या, ते तुमच्या मागे येतील. जिन्याशी सरळ रेषेत या, तिरके येऊ नका. क्षणभर थांबून ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढं सांगा आणि शेवटची पायरी संपली की तेही सांगा. खुर्चीवर दाबून बसवायचं नसतं. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवा, बाकीचं त्यांना जमतं. निघताना ‘मी निघतो’ म्हणा आणि मोकळ्या जागेच्या मधोमध सोडू नका, भिंत किंवा कठडा हाताला लागेल तिथे सोडा. ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘त्या तिथे’ हे शब्द निरुपयोगी. ‘उजवीकडे चार पावलांवर’ हे उपयोगी. ‘बघा’ म्हणताना मात्र जीभ चावायची गरज नाही, अंध माणसंही सर्रास ‘बघितलं’ असंच म्हणतात.

घरात, कचेरीत दारं पूर्ण उघडी ठेवा किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड काठीला चुकते आणि कपाळाला सापडते. भिंतीवरच्या पेट्या, एसीचे डबे, जिन्याची खालची बाजू यांचंही तसंच. काठीला जमिनीलगतचं कळतं, पण साधारण ६८ सेंटिमीटर ते दोन मीटर या पट्ट्यात १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे आलेली वस्तू सापडत नाही. अशा वस्तूखाली जमिनीवर काहीतरी पक्कं ठेवलं की काठी तिथे आधी थांबते.

फुटपाथवरच्या उठावाच्या फरशा जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधल्या. १९६७ मध्ये ओकायामात त्या पहिल्यांदा बसल्या. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. हा फरक माहीत नसलेला ठेकेदार ठिपक्यांच्याच फरशा सलग अंथरतो, किंवा रेघांची वाट थेट खांबावर नेऊन सोडतो. पिवळा रंगही शोभेचा नसतो. अंधूक दिसणाऱ्यांना तोच वाट दाखवतो, म्हणून करड्या फुटपाथवर करड्या फरशा लावल्या की अर्धं काम गेलं.

व्हीलचेअरबद्दल थोडक्यात. न विचारता ढकलू नका, तिच्यावर रेलू नका. उचलायची वेळ आली तर हात ठेवायच्या किंवा पाय ठेवायच्या पट्टीला धरू नका, बऱ्याच खुर्च्यांत त्या सुट्या होतात आणि हातात येतात. सांगाड्याला धरा, आणि कुठे धरायचं ते बसलेल्या माणसालाच विचारा. पायरी उतरवताना खुर्ची पाठमोरी, मोठी चाकं आधी. प्रश्न असेल तो त्याच माणसाला विचारा, सोबत्याकडे बघून ‘यांना काय हवंय?’ असं नको. ‘व्हीलचेअरला खिळलेला’ हा शब्दप्रयोगही उलटा आहे. खिळलेला असतो तो खुर्ची नसलेला माणूस.

कमी ऐकू येणाऱ्यांशी ओरडून बोलल्याने ओठांचे आकार बिघडतात, दुसरं काही साधत नाही. आरशासमोर आवाज न काढता ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’ म्हणून बघा, तिन्हींना ओठ सारखेच हलतात. क, ख, ग, घ तर घशाशीच होतात, ओठांवर काही उमटत नाही. ओठ वाचणारा उरलेलं सगळं संदर्भाने भरून काढतो. त्यामुळे विषय आधी सांगा, तोंडावर उजेड पडेल असे बसा, खिडकीकडे पाठ करू नका. एखादं वाक्य कळलं नाही तर तेच मोठ्याने म्हणू नका, शब्द बदला. नावं आणि आकडे लिहूनच द्या. ‘जाऊ दे, काही विशेष नाही’ हे उत्तर देऊ नका. काय विशेष आहे हे ठरवायचा हक्क ऐकणाऱ्याचाही आहे.

डोळ्यांवर पट्टी बांधून तासभर चालायच्या कार्यक्रमांबद्दल मी साशंक आहे. त्यातून कळते ती अंधत्वाच्या पहिल्या तासातली भीती. वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेलं कसब त्यात कुठेच दिसत नाही, आणि माणूस दया घेऊन घरी जातो.

शेवटी स्वच्छतागृह, कारण पाहणीला आलेले लोक दारावरची पाटी बघून परत जातात. आत दीड मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं हवं, बैठक ४३ ते ४८ सेंटिमीटर उंचीवर, आधाराची दांडी ८४ ते ९१ सेंटिमीटरवर. दांडी आणि भिंत यांत ३८ मिलिमीटरचीच फट: बोटं मावतात, पण तोल गेला तर हात आत घसरून अडकत नाही. दांडीवर अख्ख्या माणसाचा भार येतो, म्हणून ती विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल बोल्टने बसवायची. नुसत्या टाइलमधल्या प्लास्टिकच्या गिट्टीवरची दांडी पहिल्याच झोक्याला हातात येते. दार बाहेर उघडायला हवं. आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

आणि संकटाची दोरी, म्हणजे ओढून मदत बोलवायची ती. बादल्या आणि पोछे त्या मोकळ्या वर्तुळात ठेवले जातात, आणि फरशी पुसताना दोरी मध्ये येते म्हणून कुणीतरी तिला गाठ मारून वर अडकवतं. ती गाठ सोडा. दोरी ओढायची वेळ येते तेव्हा माणूस जमिनीवर पडलेला असतो. तिचं खालचं टोक फरशीपासून १० सेंटिमीटरवर लोंबत राहायला हवं.